गोयाचे वळूझुंजीचे मुद्राचित्र कसे पाहावे, कसे पारखावे आणि कसे जपावे

माद्रिदच्या ‘दियारियो दे माद्रिद’ या वृत्तपत्रात २८ ऑक्टोबर १८१६ रोजी एक जाहिरात आली. फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराने स्वतः कल्पून तांब्याच्या पत्र्यांवर उतरवलेली, वळूझुंजीच्या निरनिराळ्या डावांची ३३ मुद्राचित्रे (कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रे) विक्रीस आहेत, असे तिच्यात म्हटले होते. संपूर्ण संचाची किंमत ३०० रेआल (तेव्हाचे स्पॅनिश नाणे) होती आणि सुटे चित्र १० रेआलला मिळत होते. म्हणजे पूर्ण संच घेणाऱ्याची ३० रेआलची बचत होत होती, तरीही विक्री बेताचीच झाली. गोया तेव्हा ७० वर्षांचा होता, नेपोलियनच्या सैन्याशी झालेले युद्ध संपून जेमतेम दोन वर्षे लोटली होती आणि १७९३ च्या सुमारास आजारात गेलेले कान कायमचे गेले होते. ‘ला ताउरोमाकिया’ या नावाने आज ओळखली जाणारी ही मालिका रोमँटिक काळातील मुद्राचित्रकलेचा एक उंच टप्पा मानली जाते. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर तिच्या उत्तम प्रतिमा विनामूल्य पाहता येत असल्यामुळे, मुद्राचित्र वाचण्याची सवय लावून घ्यायची असेल तर हिच्याइतके सोयीचे साधन दुसरे क्वचितच सापडेल.

या लेखात मुख्यतः एकाच चित्राचा आधार घेतला आहे. ते मालिकेतील २१ वे चित्र असून माद्रिदच्या आखाड्यात वळू थेट प्रेक्षकांत शिरला आणि तोरेहोन गावाचा नगरप्रमुख मारला गेला, हा १८०१ सालचा प्रसंग त्यात आहे. गरज पडेल तेथे इतर चित्रांचा उल्लेख येईल. सांगितलेला क्रम मात्र शक्यतो मोडू नये, कारण चित्राची गोष्ट आधी कळली की डोळा कागदावरच्या खुणा पाहायचे सोडतो आणि गोष्टीलाच पुरावे शोधू लागतो, असा माझा अनुभव आहे.

तयारी

माद्रिदचे प्रादो संग्रहालय, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय किंवा लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांपैकी एकाच्या संकेतस्थळावर हे चित्र उघडावे आणि सर्वांत मोठ्या आकाराची प्रतिमा घ्यावी. दोन निरनिराळ्या संग्रहालयांतील प्रती शेजारी शेजारी उघडता आल्या तर अधिक चांगले. त्याचे कारण पुढे येईल. जवळ मोजपट्टी ठेवावी. मूळ पत्रा सुमारे २५ सेंटिमीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणून पडद्यावरील चित्राची रुंदी मोजपट्टीने मोजून ते मूळ आकाराला आणावे. मोबाइलवर तळहाताएवढे पाहिलेले चित्र आणि मांडीवर ठेवून पाहण्याच्या आकाराचे चित्र यांचा परिणाम अगदी वेगळा असतो, आणि गोयाने हे चित्र दुसऱ्या प्रकारच्या पाहण्यासाठीच केले आहे.

प्रत्यक्ष छाप हाताळायला मिळणार असेल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग, बाजूने तिरपा प्रकाश टाकता येईल असा छोटा टॉर्च आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात एवढे पुरते. कागदाला मागून आधार मिळावा म्हणून टेबलावर स्वच्छ पुठ्ठा ठेवावा आणि शाईचे पेन जवळपासही असू देऊ नये; टिपणे पेन्सिलीनेच काढावीत.

शीर्षक झाकून पहिली नजर

पहिल्या आवृत्तीत चित्रांखाली शीर्षके छापलेलीच नव्हती. पत्र्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात फक्त क्रमांक होता आणि सर्व शीर्षके एका वेगळ्या कागदावर दिली होती. त्यामुळे शीर्षक झाकून चित्र पाहणे ही केवळ शिकवणीतली युक्ती ठरत नाही. १८१६ च्या ग्राहकाच्या हाती सुटे चित्र पडले असेल तर त्यानेही ते असेच पाहिले असणार.

सर्वप्रथम आकृत्या न मोजता काळे आणि पांढरे यांची वाटणी पाहावी. २१ व्या चित्रात ही वाटणी इतकी एकतर्फी आहे की चित्र उजव्या बाजूला कलंडेल असे वाटते. वळू, त्याच्या शिंगांवर आडवा पडलेला माणूस, जीव मुठीत धरून पळणारे आणि एकमेकांवर कोसळणारे लोक हे सर्व उजवीकडे दाटले आहे, तर डावीकडचा बराच भाग, दूरच्या मोजक्या आकृत्या सोडल्या तर, रिकाम्या बाकांचा आणि कठड्यांचा आहे. ही रिकामी जागा चित्रकाराने भरायची सोडलेली नाही, तीच प्रसंगाचा काळ सांगते. थोड्याच वेळापूर्वी येथे माणसे बसली होती आणि आता ती नाहीत, एवढे दाखवायला गोयाला एकही आकृती काढावी लागलेली नाही.

आता आडव्या आणि उभ्या रेषा पाहाव्यात. कठड्यांचे खांब आणि पायऱ्यांच्या कडा सरळ आहेत, आणि त्या सरळपणावर गर्दीची वेडीवाकडी अंगे आदळतात. या गोंधळात स्थिर असा एकच प्राणी आहे आणि तो म्हणजे वळू. तो धावत नाही, मुसंडीही मारत नाही. पाय रोवून, शिंगांवरचा भार पेलत उभा आहे. वळूझुंजीच्या बहुतेक चित्रांत वळू म्हणजे गती आणि माणूस म्हणजे तोल असतो, येथे नेमके उलटे झाले आहे. हा बदल लक्षात आला की पहिली पायरी जमली असे समजावे. पुढे जाण्यापूर्वी तीन-चार वाक्यांत आपले निरीक्षण लिहून ठेवावे, कारण शीर्षक वाचल्यानंतर ते जसेच्या तसे पुन्हा आठवत नाही.

तुलनेसाठी २० वे चित्र पाहावे. हुआनितो आपिन्यानी हा झुंजार लांब काठी जमिनीत रोवून धावत्या वळूवरून उडी घेतो आहे. माणूस, काठी, वळू आणि मागे सावलीत बसलेले थोडे प्रेक्षक यांखेरीज चित्रात फारसे काही नाही. येथेही बरीच जागा मोकळी आहे, पण ती उडीला लागणारी जागा आहे, म्हणून ती भयाण वाटत नाही. एकाच कलावंताने, एकाच मालिकेत, लागोपाठच्या दोन चित्रांत रिकाम्या कागदाला दोन परस्परविरुद्ध कामे दिली आहेत.

आंतोनियो कार्निसेरो याने १७९० साली पूर्ण केलेली वळूझुंजीची १२ रंगवलेली मुद्राचित्रेही उपलब्ध असतात, तीही पाहावीत. त्यात प्रत्येक डाव समजावून सांगितल्यासारखा स्वच्छ मांडलेला आहे, पोशाख नीटनेटके आहेत आणि धोका शिस्तीत आहे. ती चित्रे अतिशय लोकप्रिय झाली आणि त्यांच्या नकलाही खूप निघाल्या. खेळाची माहिती हवी असेल तर आजही कार्निसेरोच अधिक उपयोगी पडेल, हे मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही. गोयाची चित्रे ग्राहकांनी हातोहात का उचलली नाहीत, याचा थोडा अंदाजही त्या तुलनेतून येतो.

भिंगाखालची पाहणी

हा या कामातला सर्वांत वेळ खाणारा आणि सर्वांत आनंदाचा भाग आहे. त्यासाठी मुद्राचित्र कसे तयार झाले हे थोडक्यात माहीत हवे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र काढले की सुईखालचे तांबे उघडे पडते, आणि पत्रा नायट्रिक आम्लात बुडवला की उघड्या रेषा खाल्ल्या जाऊन त्यांच्या खाचा होतात. थर पुसून पत्र्याला शाई लावतात, पृष्ठभागावरची शाई कापडाने पुसून काढतात आणि खाचांतली राहू देतात. मग ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढतात. कागद खाचांत शिरून शाई उचलतो. या पद्धतीला अम्लरेखन किंवा एचिंग म्हणतात. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात मुद्राचित्रण शिकवले जाते. तेथील विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहण्याची किंवा कोणत्याही मुद्राचित्रण कार्यशाळेत पत्रा पुसण्याचे काम पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये, कारण शाई किती पुसायची आणि किती ठेवायची यावर छाप किती बदलते हे वाचून कळत नाही.

भिंगातून प्रथम रेषांची टोके पाहावीत. आम्लाने खाल्लेली रेषा टोकालाही साधारण तेवढीच जाड राहते, तिचे टोक बोथट असते आणि कडा किंचित खडबडीत दिसतात. पोलादी कोरणीने थेट तांब्यात कोरलेली रेषा मात्र बारीक सुरू होऊन मध्ये फुगते आणि पुन्हा अणकुचीदार होत संपते. तिसरा प्रकार कोरड्या सुईचा. सुईने तांबे ओरखडले की खाचेच्या काठावर धातूची बारीक भुसभुशीत कड उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि छापल्यावर रेषेभोवती मखमली धूसरपणा दिसतो. ही कड फार नाजूक असते आणि काही छापांतच झिजते, म्हणून मखमली काळेपणा टिकून असेल तर छाप लवकरची असण्याची शक्यता वाढते. २१ व्या चित्रात गोयाने अम्लरेखनाच्या जोडीला कोरडी सुई आणि कोरणी ही दोन्ही हत्यारे वापरली आहेत. त्यामुळे वळूच्या अंगावरून आणि गर्दीच्या अंधाऱ्या भागावरून भिंग सावकाश फिरवले तर तिन्ही प्रकारच्या रेषा ओळखण्याचा सराव एकाच कागदावर होतो.

यानंतर करडे भाग पाहावेत. रेषा न काढता सावलीचा सलग पट्टा मिळवण्यासाठी गोयाने ॲक्वाटिंट हे तंत्र वापरले. यात राळेची बारीक पूड पत्र्यावर पसरून पत्रा खालून तापवतात. पुडीचे कण वितळून तांब्याला चिकटतात आणि आम्ल फक्त कणांच्या मधल्या जागा खाते. छापल्यावर प्रत्येक कणाच्या जागी सूक्ष्म पांढरा ठिपका आणि त्याच्याभोवती शाईची जाळी दिसते. ही जाळी अनियमित असते. पत्रा आम्लात जितका जास्त वेळ राहील तितकी ती गडद होते. जो भाग फिका ठेवायचा त्यावर मध्येच रोगण लावून आम्ल थांबवतात आणि उरलेला भाग पुन्हा बुडवतात.

येथे एक बारकावा आवर्जून पाहण्यासारखा आहे. करड्या भागात जेथे उजेड सुरू होतो तेथील कड कशी आहे, याकडे लक्ष द्यावे. कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असेल तर तेथे रोगण लावून आम्ल अडवले आहे. कड विरघळत गेल्यासारखी, गडदातून फिक्याकडे हळूहळू सरकणारी असेल तर तेथे तांब्याची खडबडीत जाळी नंतर गुळगुळीत पोलादी हत्याराने घासून दाबली आहे, म्हणजे उजेड मागाहून आणला आहे. तिसरा प्रकार ब्रशचा. आम्ल थेट ब्रशने पत्र्यावर फिरवले की पाण्याच्या डागासारखा, कडेला किंचित साचलेला रंग उमटतो. गोयाने २१ व्या चित्रात या तिन्ही रीती वापरल्या आहेत. त्यामुळे उजेड कोठे आधीच ठरवला होता आणि कोठे तो काम करताना सुचला, याचा अंदाज आपल्याला कडांवरून बांधता येतो.

हाताने छापलेली छाप आणि छायाचित्रावरून केलेली नक्कल यांतला फरक ओळखण्याची हीच वेळ. साध्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली एकसारख्या ठिपक्यांच्या रांगा किंवा फुलासारखी नक्षी दिसते आणि शंका लगेच फिटते. छायाचित्रावरून तांब्यावर उतरवलेली जुनी प्रतिकृती मात्र फसवी असते, कारण तिच्यातही राळेची जाळी असते आणि कागदावर पत्र्याच्या दाबाची खूणही असते. अशा वेळी रेषांकडे परत जावे. अस्सल छापेत रेषा सलग आणि स्वतंत्र असतात व करडी जाळी त्यांच्या आजूबाजूला असते. प्रतिकृतीत संपूर्ण चित्रच जाळीतून गेलेले असल्याने रेषेच्याही कडा त्या कणांनी तुटलेल्या दिसतात. टॉर्चचा प्रकाश अगदी बाजूने टाकला तर अस्सल छापेतील गडद रेषा कागदावर किंचित उंचावलेल्याही जाणवतात.

खेळाची रीत

आता शीर्षक वाचावे आणि चित्रातला क्षण झुंजीच्या कोणत्या टप्प्यातला आहे ते ठरवावे. स्पेनमधील झुंजीचे तीन भाग असतात. पहिल्यात घोड्यावरचा पिकादोर भाल्याने वळूच्या मानेमागचा भाग जखमी करतो, दुसऱ्यात बांदेरिया नावाच्या रंगीत पट्ट्यांच्या काठ्या त्याच्या पाठीत खोवल्या जातात आणि तिसऱ्यात मातादोर मुलेता हे लहान कापड हलवत शेवटी तलवारीने त्याला मारतो. हातातली वस्तू ओळखली की टप्पा कळतो. गोयाच्या मालिकेत याखेरीज आज लुप्त झालेले किंवा लहरीचे डावही आहेत. १८ व्या चित्रात मार्तिंचो हा झुंजार पायांत बेड्या घालून खुर्चीवर बसल्या बसल्या वळूला सामोरा जातो आणि २२ व्या चित्रात पाहुएलेरा या नावाने प्रसिद्ध असलेली स्त्री घोड्यावरून झुंजते.

घोड्यांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिकादोरच्या घोड्याला जाड गादीचे संरक्षण घालणे स्पेनमध्ये १९२८ साली सक्तीचे झाले. गोयाच्या चित्रांत घोडे उघडे आहेत आणि काही चित्रांत त्यांची अवस्था पाहवत नाही. हे चित्रकाराने मुद्दाम वाढवलेले क्रौर्य नसून त्या काळच्या आखाड्यातले नेहमीचे दृश्य आहे.

गोव्यातील धिरयोची कल्पना डोक्यात ठेवून मराठी वाचक या चित्रांकडे आला तर प्रथम गोंधळ होण्याचा संभव आहे. धिरयोत दोन बैल एकमेकांशी झुंजतात आणि माणसे भोवती असतात. स्पेनमध्ये माणूस आणि वळू समोरासमोर असतात आणि वळूचा मृत्यू हा खेळाचा ठरलेला शेवट असतो. त्यामुळे २१ व्या चित्रात खेळाचा नियम मोडला आहे तो कोठे, हेही आपल्याला जाणीवपूर्वक शोधावे लागते. वळूने माणूस मारला, हा नियमभंग नव्हे. तो धोका झुंजाराने पत्करलेलाच असतो. नियमभंग आहे तो रिंगणाची कड ओलांडली गेली आणि तिकीट काढून बसलेला माणूस मेला, यात. चित्रातल्या तुटक, तिरक्या रचनेचे मूळ तेथे आहे.

मालिकेतील जागा

एकच चित्र सुटे पाहून गोया या खेळाचा चाहता होता की टीकाकार, याचा निकाल लावू नये. तो तरुणपणापासून झुंजींचा शौकीन होता. ३० व्या चित्रात त्याने पेद्रो रोमेरो या रोंदा गावच्या ख्यातनाम मातादोरला ज्या डौलात उभे केले आहे, ते पाहता त्याच्या कौतुकाबद्दल शंका राहत नाही. पण १८०५ साली राजा चौथा कार्लोस याने झुंजींवर बंदी घातली होती, नंतर नेपोलियनच्या भावाच्या राजवटीत त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि गोयाच्या परिचयातील सुधारणावादी मंडळींत या खेळाचे कडवे विरोधकही होते. मालिका या दोन्ही बाजूंना स्पर्श करते.

म्हणून २१ वे चित्र पाहून झाल्यावर निदान काही चित्रे क्रमाने चाळावीत. आरंभीच्या चित्रांत प्राचीन स्पॅनिश लोकांची शिकार, मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम लोकांचे खेळ, एल सिद हा मध्ययुगीन स्पॅनिश वीर आणि सम्राट पाचवा कार्लोस असा इतिहास येतो. या इतिहासाची मांडणी निकोलास फर्नांदेस दे मोरातीन याच्या १७७७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्ररूप निबंधाशी जुळते. १२ व्या चित्रात जमाव भाले आणि कोयत्यांनी वळूला लोळवतो, तेथे वीरश्री संपून नुसती झुंडशाही उरते. त्यानंतर गोयाच्या काळातील नामांकित झुंजारांचे पराक्रम येतात आणि ३३ व्या चित्रावर मालिका थांबते. त्या चित्रात पेपे इयो हा मातादोर मरतो. त्याच्या नावावर झुंजीच्या कलेवरील १७९६ चे एक पुस्तक होते, म्हणजे नियम सांगणाराच ११ मे १८०१ रोजी माद्रिदच्या आखाड्यात शिंगांवर गेला. तोरेहोनच्या नगरप्रमुखाचा मृत्यूही त्याच वर्षातला. गोयाने एकाच वर्षातल्या या दोन घटना मालिकेत इतक्या दूर ठेवल्या आणि मधल्या जागेत धाडसाचे, विक्षिप्तपणाचे व कौशल्याचे प्रसंग भरले, हे मला त्याचे सर्वांत बोलके विधान वाटते.

या टप्प्यावर प्रादोतील तयारीची रेखाटनेही पाहावीत. ती बहुतांशी लाल खडूने केलेली आहेत. रेखाटन आणि छाप शेजारी ठेवून कोणत्या आकृत्या वगळल्या आणि पार्श्वभूमी किती कमी केली, एवढेच टिपावे.

छाप कोणत्या आवृत्तीची आहे

बाजारात किंवा लिलावात ‘गोयाची अस्सल छाप’ असे म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ मूळ पत्र्यावरून छापलेली एवढाच असू शकतो. ती गोयाच्या हयातीतील असेलच असे नाही. पत्रे टिकून राहिल्यामुळे १८१६ नंतर १८५५, १८७६, १९०५, १९२१, १९२८ आणि १९३७ या वर्षीही आवृत्त्या निघाल्या. हे पत्रे आज माद्रिदच्या काल्कोग्राफिया नासिओनाल या संस्थेत आहेत. पहिली आणि नंतरची आवृत्ती यांच्या किमतींत प्रचंड तफावत असते, म्हणून विकत घेणाऱ्याने पुढील गोष्टी तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

कागद उजेडासमोर धरावा. पहिल्या आवृत्तीचा कागद हाती बनवलेला आणि साच्याच्या जाळीच्या समांतर रेघा दिसणारा आहे, आणि त्यात ‘सेरा’, ‘मोरातो’ किंवा ‘नं. १’ अशी जलचिन्हे (कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या, उजेडासमोर दिसणाऱ्या खुणा) आढळतात. जलचिन्ह प्रत्येक कागदावर येतेच असे नाही, त्यामुळे ते नसणे हा निर्णायक पुरावा होत नाही. मग करड्या भागांची स्थिती पाहावी. राळेची जाळी उथळ असल्यामुळे वारंवार छपाईने ती रेषांच्या आधी झिजते. नंतरच्या आवृत्तीत रेषा ठसठशीत असूनही सावल्या चट्टेदार, पातळ किंवा एकसुरी दिसतात. दोन संग्रहालयांतील प्रती शेजारी उघडायला सुरुवातीस सांगितले होते ते याचसाठी. डावीकडच्या रिकाम्या बाकांवरील करडी छटा दोन्ही प्रतींत ताडून पाहिली तर पत्रा ताजा असतानाची छाप कोणती आहे ते बऱ्याचदा डोळ्यालाच कळते.

विषयावरूनही काही गोष्टी ठरतात. युद्धानंतर तांबे दुर्मीळ असल्याने गोयाने काही पत्र्यांच्या दोन्ही बाजू वापरल्या होत्या, आणि नाकारलेल्या बाजूंवरची ७ चित्रे १८७६ साली पॅरिसच्या ल्वाझले याने काढलेल्या आवृत्तीत प्रथमच आली. ती ए ते जी या अक्षरांनी ओळखली जातात. त्यांपैकी एखादे चित्र १८१६ चे म्हणून कोणी विकत असेल तर पुढचे बोलणे तेथेच थांबवावे. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकोनी खोलगट कड दिसते का, हेही पाहावे. ती कापून टाकलेली असेल तर किंमत कमी होते आणि परीक्षाही अवघड होते. अंतिम निर्णयासाठी जाणकाराचे लेखी मत घ्यावे. छायाचित्रे पाहून दिलेले मत पुरेसे धरू नये.

गोयाची वळूझुंजीची दुसरी मालिका या कड शोधण्याच्या कसोटीत बसणार नाही. १८२४ साली तो फ्रान्समधील बोर्दो येथे गेला आणि १८२५ मध्ये त्याने तेथे चार मोठ्या शिळाछाप चित्रांचा संच केला. गोलाँ या मुद्रकाने प्रत्येकी १०० प्रती छापल्या. शिळाछापात चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात, त्यामुळे पत्र्याची कड नसते आणि भिंगाखाली खडूचा दाणेदार स्पर्श दिसतो. गोयाने तेथे काळ्यातून खरवडून उजेड काढलेला आहे. या तंत्राचा सराव घरीही करता येतो. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची, म्हणजे १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या प्रेसची, जुनी देवादिकांची चित्रे अनेक मराठी घरांत आहेत, आणि तीही दगडावरूनच छापलेली आहेत. त्यांच्यावर भिंग धरले की एकावर एक बसलेले रंगांचे अनियमित ठिपके दिसतात. त्याशेजारी आजचे कॅलेंडर ठेवले की हाताने केलेला दाणा आणि यंत्राचा ठिपका यांतील फरक कायमचा लक्षात राहतो.

छाप जपण्याची रीत

छाप कोणत्याही आवृत्तीची असो, कोकणातील किंवा मुंबईतील दमट हवेत तिचे शत्रू तेच आहेत. ओलसरपणामुळे तपकिरी ठिपके पडतात, कसर कागद कुरतडते आणि उन्हाने कागद पिवळा व ठिसूळ होतो. चित्र पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. टांगायचेच असेल तर चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून अंतर ठेवावे. सापेक्ष आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद खिडक्यांचा दमटपणा हा रोजचा चढउतार कागदाला विशेष बाधतो. कागदावरील कलाकृतींसाठी संग्रहालये साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवतात, म्हणजे चित्रावर थेट दिवा रोखू नये.

चौकट करताना पुठ्ठा आम्लरहित असावा आणि चित्राभोवती खिडकी कापलेला असावा, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही. छापेच्या कडा पुठ्ठ्याने झाकून टाकण्यापेक्षा पत्र्याच्या दाबाची खूण दिसेल एवढी मोकळी जागा ठेवावी. कागद पुठ्ठ्याला चिकटवू नये; वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावाव्यात आणि चित्र त्यांवर लोंबते ठेवावे, जेणेकरून हवेप्रमाणे कागदाला आकुंचन-प्रसरणास वाव राहील. सेलोटेप, पांढरा गोंद आणि मागे वर्तमानपत्र या तीन गोष्टी चौकटकाराला आधीच स्पष्ट शब्दांत नाकारून ठेवाव्यात, कारण सवयीने तो त्याच वापरतो. आधीच ठिपके पडले असतील तर घरी ब्लीच किंवा पाव वगैरे चोळण्याचा प्रयोग न करता कागदसंवर्धकाकडे जावे. चौकट बंद करण्यापूर्वी छापेच्या पुढची, मागची आणि उजेडासमोर धरून दिसणाऱ्या जलचिन्हाची छायाचित्रे काढून, माप आणि आवृत्तीविषयीच्या टिपणांसह वेगळ्या पाकिटात ठेवावीत, म्हणजे पुढे विमा, दुरुस्ती किंवा विक्री यांसाठी चौकट पुन्हा उघडावी लागत नाही.